नैराश्य मोजायचं कसं? वृद्धांसाठीच्या प्रश्नावल्यांचा साठ वर्षांचा प्रवास

"वय झालं की असं व्हायचंच." घरातल्या ज्येष्ठ माणसाचं जेवण कमी झालं, झोप उडाली, देवळात किंवा कट्ट्यावर जाणं बंद झालं, की हे वाक्य हमखास ऐकू येतं. कधी घरचे म्हणतात, कधी ती व्यक्ती स्वतःच म्हणते, आणि पुष्कळदा डॉक्टरही म्हणतात.

या वाक्यात अर्धं सत्य आहे, म्हणूनच ते घातक आहे. वय वाढलं की झोप हलकी होते, भूक मंदावते, दोन जिने चढले की दम लागतो. पण हीच सगळी लक्षणं नैराश्याचीही, म्हणजे डिप्रेशनचीही, असतात. मग एखाद्या ७५ वर्षांच्या आजींची झोप वयामुळे उडाली की गुडघेदुखीमुळे, की मनाला लागलेल्या टोचणीमुळे, हे ओळखायचं कसं? रक्त तपासून साखर कळते तसं नैराश्य कळत नाही. ते कळतं बोलण्यातून, म्हणजेच प्रश्न विचारून.

आजकाल अनेक रुग्णालयांत आणि आरोग्य शिबिरांत ज्येष्ठांना एक कागद दिला जातो. त्यावर दहा-पंधरा प्रश्न असतात. शेवटी गुणांची बेरीज होते आणि घरचे विचारतात, "डॉक्टर, बाबांना ७ गुण आलेत. म्हणजे डिप्रेशन आहे का?" या प्रश्नाचं सरळ 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देता येत नाही. हा आकडा कोणत्या कागदावरचा आहे, तो कागद कोणी, कधी आणि कोणासाठी तयार केला होता, हे आधी पाहावं लागतं. या कागदांना इतिहास आहे, आणि तो समजून घेतला तर आकड्याची भीतीही कमी होते आणि आकड्यावरचा आंधळा विश्वासही.

आधी औषध आलं, मग मोजपट्टी

१९५० च्या दशकापर्यंत नैराश्य 'मोजावं' अशी गरज फारशी कोणाला वाटत नव्हती. ती गरज औषधांमुळे निर्माण झाली. स्वित्झर्लंडमधले मानसोपचारतज्ज्ञ रोलांड कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामिन हे औषध नैराश्यावर गुणकारी ठरत असल्याचं जाहीर केलं. त्याच सुमारास क्षयरोगासाठी वापरल्या जाणाऱ्या इप्रोनियाझिडने रुग्णांचं मन उल्हसित होतं, हेही लक्षात आलं होतं. औषध आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. रुग्ण बरा झाला म्हणजे किती बरा झाला? दोन औषधांपैकी चांगलं कोणतं? 'पूर्वीपेक्षा बरं वाटतंय' एवढ्यावर ते ठरवता येत नाही.

इंग्लंडमधल्या लीड्स इथले मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० मध्ये या गरजेला उत्तर दिलं. त्यांच्या मोजपट्टीत १७ मुद्दे होते आणि गुण डॉक्टरने रुग्णाशी बोलून द्यायचे होते. त्यात शरीराला मोठी जागा होती. एकट्या झोपेसाठीच तीन मुद्दे: झोप लागत नाही, मध्येच मोडते, पहाटे फार लवकर जाग येते. त्याशिवाय भूक, वजन, थकवा, अंगदुखी हेही होतं. ज्यांना नैराश्य असल्याचं आधीच ठरलं आहे, त्यांच्यात ते किती तीव्र आहे हे मोजण्यासाठी ही पट्टी होती. नैराश्य आहे की नाही हे ओळखण्यासाठी ती नव्हती, आणि हॅमिल्टन यांनी हे स्पष्ट लिहूनही ठेवलं होतं.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एरन बेक यांनी वेगळी वाट धरली. नैराश्यातले रुग्ण जे बोलतात त्यावरूनच त्यांनी २१ विषय ठरवले आणि प्रत्येकाखाली सौम्य ते तीव्र अशी विधानं दिली. आपल्याला लागू पडणारं विधान रुग्णाने निवडायचं. आता गुण देणारा डॉक्टर नव्हता, रुग्ण स्वतः होता.

या दोन्ही मोजपट्ट्या तयार करताना म्हातारपणाचा वेगळा विचार झालेला नव्हता. त्याची उणीव लवकरच जाणवू लागली.

बद्धकोष्ठ झालं म्हणजे नैराश्य का?

१९६५ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले विल्यम झुंग यांनी २० वाक्यांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रत्येक वाक्य आपल्या बाबतीत किती वेळा खरं आहे, ते चार पर्यायांतून निवडायचं. सोपी आणि स्वतः भरता येण्यासारखी असल्याने ती झपाट्याने पसरली. तिच्यात बद्धकोष्ठाबद्दल एक वाक्य होतं. छातीत धडधडण्याबद्दल, कारण नसताना थकवा येण्याबद्दल, वजन घटण्याबद्दल आणि लैंगिक सुखाबद्दलही एकेक वाक्य होतं.

आता कल्पना करा, सत्तरीतल्या आजोबांनी हा कागद भरला. पोट साफ होत नाही, कारण पाणी कमी पितात आणि चार गोळ्या चालू आहेत. छातीत धडधडतं, कारण हृदयाचा जुना त्रास आहे. वजन घटलंय, कारण दात गेलेत. पत्नीला जाऊन दहा वर्षं झाली आहेत, तेव्हा लैंगिक सुखाच्या प्रश्नाला काय लिहायचं? प्रत्येक ठिकाणी खरं उत्तर देऊनही हे आजोबा 'नैराश्यग्रस्त' ठरू शकतात, आणि प्रत्यक्षात ते रोज संध्याकाळी मित्रांबरोबर खळखळून हसत असतील.

हा केवळ कल्पनेतला धोका नव्हता. झुंग यांनी स्वतःच १९६७ मध्ये निरोगी वृद्धांना आपली प्रश्नावली दिली, तेव्हा त्यांचे गुण तरुणांपेक्षा जास्त भरले. याचे दोन अर्थ निघू शकत होते. एक, म्हातारपण म्हणजेच थोडं नैराश्य. दोन, पट्टीच चुकीच्या जागी लावली जाते आहे. "वय झालं की असं व्हायचंच" हे आपलं घरगुती वाक्य म्हणजे यातला पहिला अर्थ. दुसरा अर्थ गांभीर्याने घेतला जायला आणखी पंधरा वर्षं जावी लागली.

दरम्यान १९७७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या लेनोर रॅडलॉफ यांनी 'सीईएस-डी' ही २० प्रश्नांची यादी आणली. तिचा उद्देश आणखी निराळा होता. गावागावांत, शहरांत मोठ्या पाहण्या करायच्या आणि समाजात नैराश्याची लक्षणं किती पसरली आहेत ते पाहायचं. गेल्या आठवड्याबद्दल विचारायचं आणि ६० पैकी १६ गुणांवर खूण करायची. दवाखान्यात समोर बसलेल्या एका माणसाबद्दल निर्णय घेण्यासाठी ती बनलेलीच नव्हती.

शंभर प्रश्नांतून उरले तीस

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी नव्याने सुरुवात केली. त्यांत टी. एल. ब्रिंक आणि जेरोम येसावेज हे होते. तरुणांची प्रश्नावली वृद्धांना लावण्याऐवजी वृद्धांसाठीच प्रश्न तयार करायचे, असं त्यांनी ठरवलं.

पद्धत साधी पण काटेकोर होती. जाणकारांनी मिळून १०० प्रश्न लिहिले. ते ४७ वृद्धांना विचारले. त्यांत निरोगी होते तसेच नैराश्यावर उपचार घेणारेही होते. मग कोणता प्रश्न एकूण गुणांशी सर्वांत चांगला जुळतो, हे आकडेमोडीने पाहिलं आणि वरचे ३० प्रश्न ठेवले. या शंभरात शरीराच्या तक्रारींबद्दलचे १२ प्रश्न होते. त्यांतला एकही पहिल्या तिसात आला नाही. झोप, भूक, बद्धकोष्ठ सगळं गळून पडलं.

मग उरलं काय? आयुष्याबद्दल समाधान वाटतं का. पूर्वीची आवडीची कामं सोडून दिलीत का. आयुष्य रिकामं वाटतं का. कंटाळा येतो का. बाहेर पडण्यापेक्षा घरातच बसावंसं वाटतं का. आपला काही उपयोग नाही असं वाटतं का. म्हणजे शरीर काय करतंय हे न विचारता, माणूस आपल्या आयुष्याकडे कसं पाहतोय हे विचारलं गेलं. बद्धकोष्ठ कितीही जुनं असलं, तरी त्यामुळे 'माझा काही उपयोग नाही' असं वाटत नाही. हा फरक त्या आकडेमोडीतून समोर आला.

दुसरा बदल दिसायला लहान, पण फार मोलाचा होता. उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. 'कधीकधी', 'बऱ्याचदा', 'जवळजवळ नेहमी' यांतून निवडताना वयस्कर माणसं गोंधळतात, थकतात. ज्यांना वाचता येत नाही किंवा कमी दिसतं, त्यांना चार पर्याय ऐकून लक्षात ठेवावे लागतात. हो-नाही मात्र कोणालाही तोंडी विचारता येतं.

या प्रश्नावलीला 'जेरियाट्रिक डिप्रेशन स्केल', थोडक्यात 'जीडीएस', असं नाव मिळालं. १९८२-८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ३० पैकी ११ ही सीमारेषा धरली तर नैराश्य असलेल्यांपैकी ८४ टक्के लोक ती ओळखत होती, आणि निरोगी असलेल्यांपैकी ९५ टक्के लोकांना योग्य रीतीने बाजूला ठेवत होती. १९८६ मध्ये जावेद शेख आणि येसावेज यांनी १५ प्रश्नांची छोटी आवृत्ती केली. ती पाच-सात मिनिटांत होते आणि आज जगभर बहुतेक ठिकाणी तीच वापरली जाते. तिच्यात साधारणपणे ५ पेक्षा जास्त गुण आले तर पुढे तपासणी करावी, असं धरतात. सुरुवातीच्या प्रश्नातले 'बाबांचे ७ गुण' बहुधा याच कागदावरचे असतात.

नेमकं त्याच वर्षी, १९८३ मध्ये, हॅमिल्टन यांच्याच लीड्स शहरातून झिगमंड आणि स्नेथ यांनी रुग्णालयातल्या रुग्णांसाठी १४ प्रश्नांची यादी आणली. त्यांनीही शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळली, कारण रुग्णालयात आलेल्या प्रत्येकाच्याच शरीराला काही ना काही झालेलं असतं. अटलांटिकच्या दोन्ही काठांवर साधारण एकाच सुमारास एकच निष्कर्ष निघाला होता.

जीडीएसमध्ये एक मोठी उणीव मात्र राहिली आणि ती आजही आहे. आत्महत्येच्या विचारांबद्दल तिच्यात एकही थेट प्रश्न नाही. कमी गुण आले म्हणजे तो धोका नाही, असं कोणीही समजू नये.

आठवणच साथ देत नसेल तर?

स्वतःबद्दल सांगायला स्वतःची आठवण शाबूत असावी लागते. स्मृतिभ्रंश, म्हणजे डिमेन्शिया, जसजसा वाढतो तसतशी जीडीएसची अचूकता कमी होत जाते. 'गेल्या आठवड्यात कंटाळा आला होता का?' या प्रश्नाला उत्तर द्यायला गेला आठवडा आठवायला तर हवा.

१९८८ मध्ये जॉर्ज अलेक्सोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी 'कॉर्नेल स्केल' तयार केलं. यात १९ मुद्दे आहेत. आधी सांभाळ करणाऱ्या व्यक्तीशी बोलायचं आणि मग रुग्णाला भेटायचं. चेहरा उतरलेला असतो का, चिडचिड होते का, नातवंडं आली तरी हसू येत नाही का, ताट तसंच ठेवतात का, असं पाहायचं. इथे झोप, भूक आणि वजन परत आले, कारण शब्द हरवल्यावर शरीरच बोलतं. पण एक अटही घातली गेली. ती तक्रार शारीरिक आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे असेल, तर तिला गुण द्यायचे नाहीत. झुंग यांच्या प्रश्नावलीत जो गोंधळ झाला होता, त्यावरचा हा उपाय होता.

शरीर पुन्हा कागदावर

१९९० च्या दशकात अमेरिकेत वेगळी अडचण समोर होती. नैराश्याचे बहुतेक रुग्ण मानसोपचारतज्ज्ञाकडे न जाता आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातात, आणि त्या डॉक्टरांकडे वेळ नसतो. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएन्के यांनी १९९४ मध्ये यासाठी एक साधन केलं. त्यातूनच पुढे ९ प्रश्नांची 'पीएचक्यू-९' निघाली. तिचा ६००० रुग्णांवरचा मुख्य अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. खर्च फायझर या औषध कंपनीने उचलला होता. ती सर्वांना फुकट वापरता येते, हे तिच्या प्रसाराचं मोठं कारण.

हे ९ प्रश्न म्हणजे मानसोपचारातल्या अधिकृत व्याख्येतली नैराश्याची ९ लक्षणंच आहेत. त्यामुळे झोप, भूक आणि थकवा परत कागदावर आले. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७, आणि १० वर सीमारेषा. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा आहे. जीडीएसमध्ये जे नाही ते इथे आहे. उलट जीडीएसने जे जाणीवपूर्वक काढलं ते इथे आहे.

मग वृद्धांसाठी यांतली चांगली कोणती? दोन्ही शेजारी ठेवून तपासणारे पुष्कळ अभ्यास झाले. एकीने दुसरीवर निर्विवाद मात केली असं झालेलं नाही. कोणती कुठे कामाला येते, हे थोडक्यात असं सांगता येईल:

- जीडीएस-१५: शारीरिक आजार बरेच आहेत, पण आठवण ठीक आहे, अशा ज्येष्ठांसाठी सोयीची. तोंडी विचारता येते. आत्महत्येबद्दल वेगळं विचारावं लागतं.
- पीएचक्यू-९: नैराश्याच्या व्याख्येच्या जवळची. उपचार सुरू झाल्यावर फरक पडतोय का हेही दिसतं. पण दुखणी जास्त असतील तर गुण फुगू शकतात.
- कॉर्नेल: स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी. सांभाळणाऱ्या व्यक्तीची साथ आणि जाणकार विचारणारा हवा.
- सीईएस-डी: मोठ्या पाहण्यांसाठी. एका व्यक्तीचा निर्णय तिच्यावरून घेऊ नये.

आपल्या माणसांची भाषा

या सगळ्या प्रश्नावल्या इंग्रजीत जन्मल्या. 'मला उदास वाटतं' असं म्हणणाऱ्या माणसांसाठी त्या होत्या. आपल्याकडे किती आजी 'मला उदास वाटतं' असं म्हणतात? त्या म्हणतात, "अंग मोडून येतं", "जिवाला बरं वाटत नाही", "डोक्यात सारखे विचार येतात", "कशातच लक्ष लागत नाही". स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शरीराचे प्रश्न काढले ते तिथल्या वृद्धांच्या उत्तरांवरून. आपल्याकडे मात्र मनाचं दुखणं पुष्कळदा शरीराच्याच वाटेने दवाखान्यात येतं. म्हणून परदेशी कागद नुसता भाषांतरित करून भागत नाही. तो इथल्या माणसांवर तपासून पाहावा लागतो.

तसे प्रयत्न झाले. हरियाणातल्या बल्लभगड भागात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी जीडीएसची हिंदी आवृत्ती तयार करून ती ग्रामीण आणि बहुसंख्य निरक्षर वृद्धांमध्ये वापरली. तो अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न तोंडी विचारण्याची सोय तिथे किती उपयोगी पडली असेल, हे वेगळं सांगायला नको.

गोव्यातलं काम आपल्याला आणखी जवळचं. मूळचे मुंबईचे मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी आधी झिम्बाब्वेमध्ये काम केलं होतं. तिथल्या शोना भाषेत मनाच्या त्रासासाठी 'फार विचार करणं' अशा अर्थाचा शब्द आहे. तो आणि तिथल्या लोकांच्या तक्रारी धरून त्यांनी स्थानिक प्रश्नावली तयार केली. आपल्याकडेही 'विचार करून करून आजारी पडली' असं म्हणतातच. पुढे गोव्यात पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या प्रौढांवर पाच प्रश्नावल्या एकाच वेळी तपासल्या. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पाचही बऱ्यापैकी काम करत होत्या. पण प्रश्नावलीने 'त्रास आहे' असं म्हटलेल्यांपैकी सविस्तर मुलाखतीत खरोखर तसं निघालेल्यांचं प्रमाण ५१ ते ७७ टक्के होतं. म्हणजे सर्वांत चांगल्या परिस्थितीतही चारातला जवळपास एक जण चुकून पकडला जात होता.

पट्टी बदलली की चित्र किती बदलतं, हे आपल्या देशाच्या मोठ्या पाहणीतही दिसलं. २०१७-१८ मध्ये झालेल्या 'लासी' या पाहणीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती घेतली गेली. निदानाच्या जवळ जाणाऱ्या एका मुलाखतीनुसार साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांना तीव्र नैराश्य असण्याची शक्यता दिसली. 'डॉक्टरांनी मला नैराश्य आहे असं सांगितलंय' असं म्हणणारे मात्र फक्त ०.८ टक्के होते. म्हणजे दहातल्या नऊ जणांचा त्रास कोणी ओळखलेलाच नव्हता. त्याच पाहणीत सीईएस-डीच्या छोट्या आवृत्तीने मोजलं, तर लक्षणं असलेल्यांचं प्रमाण ८.३ टक्क्यांच्या कितीतरी वर गेलं. माणसं तीच आणि वर्षही तेच होतं. फक्त प्रश्न वेगळे होते.

चाळणी म्हणजे निदान नव्हे

या प्रश्नावल्यांना वैद्यकात चाळणी चाचणी म्हणतात. गव्हाच्या चाळणीवर जे राहतं ते सगळंच खडे नसतात. हातात घेऊन निवडावं लागतं.

एक साधा हिशेब करू. समजा, १०० ज्येष्ठांपैकी १० जणांना नैराश्य आहे. आपली प्रश्नावली नैराश्य असलेल्या ८० टक्के लोकांना ओळखते आणि नसलेल्या ८० टक्के लोकांना योग्य रीतीने सोडून देते. म्हणजे १० पैकी ८ जण सापडतील आणि २ निसटतील. उरलेल्या ९० निरोगी लोकांपैकी १८ जणांनाही ती चुकून पकडेल. एकूण २६ जणांच्या कागदावर लाल खूण येईल आणि त्यांतल्या फक्त ८ जणांना खरोखर नैराश्य असेल. 'बाबांना ७ गुण आलेत' यावरून लगेच गोळ्या सुरू करणं का चूक आहे, ते यातून दिसतं. आणि 'गुण कमी आले, म्हणजे काही नाही' हेही का चूक आहे, ते त्या निसटलेल्या दोघांकडे पाहिलं की कळतं.

म्हणूनच सरसकट सर्वांची चाळणी करावी का, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अमेरिकेतल्या अधिकृत तज्ज्ञगटाने २००२ मध्ये प्रौढांची चाळणी करावी असं सांगितलं, पण जिथे पुढे नीट निदान, उपचार आणि पाठपुरावा होऊ शकतो तिथेच. कॅनडाच्या तज्ज्ञगटाने २०१३ मध्ये उलट सांगितलं, की सरसकट चाळणी करू नये. दोघांच्या मतांमागे प्रश्न एकच आहे: कागद भरून झाल्यावर पुढे काय?

या 'पुढे काय'चं एक चांगलं उत्तर गोव्यातच मिळालं. तिथे ६० वर्षांवरच्या १८१ जणांवर एक अभ्यास झाला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य लक्षणं असलेले, पण अजून पूर्ण नैराश्य नसलेले ज्येष्ठ १२ प्रश्नांच्या प्रश्नावलीने शोधले. त्यांतल्या निम्म्यांना प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकांनी भेटून अडचणी सोडवायला, झोपेच्या सवयी सुधारायला आणि दुखणी सांभाळायला मदत केली. हे समुपदेशक डॉक्टर नव्हते. वर्षभरात या गटातल्या ९१ पैकी ४ जणांना तीव्र नैराश्य आलं. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ते ९० पैकी १३ जणांना आलं. अभ्यास लहान आहे, पण प्रश्नावलीनंतर माणूस भेटला तर काय होतं, हे त्यातून दिसतं.

आज आपल्या गावांतही आशा सेविका तिशीपुढच्या लोकांची जी तपासणी यादी भरतात, तिच्या शेवटी पीएचक्यूमधले पहिले दोन प्रश्न असतात: कामात रस वाटत नाही का, आणि मन खिन्न असतं का. पुढच्या वेळी आशाताई हे विचारतील तेव्हा 'सगळं बरंय' म्हणून घाईने मोकळं होऊ नका.

घरच्यांनी लक्षात ठेवाव्यात अशा काही गोष्टी

- कागद भरताना ज्येष्ठ व्यक्तीला एकांत द्या. मुलगा आणि सून समोर बसलेले असताना 'आयुष्य रिकामं वाटतं का?' याला बहुतेक आई-वडील 'नाही' असंच म्हणतील.
- त्यांच्या वतीने तुम्ही उत्तरं देऊ नका. तुमचं निरीक्षण डॉक्टरांना वेगळं सांगा. तेही महत्त्वाचं असतं.
- ऐकू कमी येत असेल तर आधी ते सांगा. न ऐकलेल्या प्रश्नाला मान डोलावली, तरी तिथे गुण पडतात.
- गुण जास्त आले तर थायरॉइड, बी-१२, चालू औषधं, दुखणी आणि नुकतंच झालेलं एखादं दुःख, हे सगळं डॉक्टरांनी पाहायला हवं. मगच निदान होतं.
- गुण कमी आले पण माणूस बदललेला दिसत असेल, तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवा आणि पुन्हा दाखवा.
- 'जगण्यात अर्थ नाही', 'देवाने न्यावं' असं वारंवार कानावर आलं तर विषय बदलू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे शांतपणे आणि थेट विचारा. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.

साठ वर्षांत प्रश्न १०० वरून ३० वर, तिथून १५ वर आणि शेवटी दोनांवर आले. शरीराबद्दल विचारायचं की नाही, यावर मत दोनदा बदललं. पण वृद्धांचं नैराश्य म्हणजे म्हातारपण नव्हे, तो ओळखता येणारा आणि उपचार करता येणारा आजार आहे, हे आता नक्की झालं आहे. तेव्हा पुढच्या वेळी कोणी "वय झालं की असं व्हायचंच" म्हणालं, तर आधी त्या माणसाशेजारी दहा मिनिटं बसा आणि विचारा, "हल्ली कशात मन रमतं तुमचं?" उत्तराला वेळ लागला तरी थांबा.